मोगलाईत फटफटी

साल 1946, महिना डिसेंबर. पहाटेच्या थंडीत नगरच्या वेशीबाहेर तुम्ही फटफटीला किक मारताय. तिसऱ्या किकेला ती घेते. बीएसए एम-20, पाचशे सीसी, एकच सिलिंडर. युद्ध संपल्यावर लष्करानं विकायला काढलेल्या मालातली. मागच्या चाकाला स्प्रिंग नाही, त्यामुळे रस्त्यातला दगड न् दगड मणक्याला कळतो. पुढच्या दिव्यावर ब्लॅकआउटसाठी बसवलेली पत्र्याची झापड अजून तशीच आहे, उजेड जेमतेम दहा पावलं पुढे पडतो. डोक्यावर टोपी, तिच्यावरून गुंडाळलेला मफलर. टाकीत कुपनावर मिळालेलं पेट्रोल. मागच्या कॅरियरला गोणपाटात बांधलेला ऑइल इंजिनचा पंप. बीडला एका जिनिंगचं इंजिन बंद पडलंय, कापसाचा हंगाम ऐन भरात आहे आणि ते इंजिन चालू करणारा मिस्त्री तुम्ही आहात.

जामखेडमार्गे बीड ऐंशी मैलांच्या आसपास. एवढ्या वाटेत तुम्हाला दोन राज्यं लागणार आहेत आणि दोन्ही दोनदोनदा. नगर इंग्रजांचं. चिचोंडी पाटील मागे पडलं की कडा आणि आष्टी निजामाची. पुढे जामखेड परत इंग्रजांचं. जामखेड सोडून सौताड्याकडे वळलात की पाटोदा, बीड, थेट गोदावरीपर्यंतचा सगळा मुलूख पुन्हा निजामाचा. नगरकर त्याला मोगलाई म्हणतात. भाषा तीच, ज्वारी तीच, बायकांच्या लुगड्यांचे काठही तेच. तरी कड्याच्या अलीकडे आडवा बांबू दिसला की तुमचा हात आपोआप खिशातल्या कागदांकडे जातो.

हा करोडगिरीचा नाका. कारकून टाकाला शाई लावून उर्दूत नोंद करतो. त्याच्या वहीत साल 1356 आहे, कारण निजामाच्या दफ्तरात फसली सन चालतो. गोणपाट सोडा, पंप दाखवा, जकात भरा. तुमच्या खिशातला रुपया इथे ‘कलदार’ होतो. इथला रुपया ‘हाली’, सात हाली म्हणजे साधारण सहा कलदार. हिशेब करताना कारकून तुमच्याकडे एकदाही बघत नाही. मागे उभा असलेला शिपाई मात्र फटफटीच्या पाटीवरचा नंबर वाचायचा प्रयत्न करतोय, ओठ हलवत.

खिशात आणखी एक कागद आहे. 1939 च्या मोटार वाहन कायद्यातलं विम्याचं प्रकरण 1 जुलै 1946 पासून ब्रिटिश हिंदुस्थानात लागू झालंय, त्यामुळे गाडीनं तिऱ्हाइताचं नुकसान केलं तर त्याचा विमा आता सक्तीचा आहे. तो दाखला तुम्ही बंडीच्या आतल्या खिशात जपून ठेवलाय. कारकून तो उलटसुलट करून परत देतो. तिकडचे कायदे संस्थानात चालत नाहीत. बांबू वर जातो आणि तुम्ही ज्या मुलखात शिरता तिथे तुमचा विमा म्हणजे नुसता छापील कागद आहे.

जामखेडात चहा होतो, सौताड्याकडे पुन्हा नाका, पुन्हा गोणपाट. दिवस असा नाक्यांवरच जातो. पाटोदा मागे टाकता तेव्हा सूर्य बालाघाटाच्या कडेला टेकलाय. रस्ता म्हणजे मुरमावर दाबलेली खडी, मधे बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. तुम्ही एका चाकोरीत चाक धरून चाललाय. दोन्ही बाजूंना कमरेइतका शाळू उभा आहे आणि गार वाऱ्याला त्याचा ओला वास आहे.

गाडी दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. कडबा भरलेली बैलगाडी, त्याच चाकोरीत, तुमच्याच दिशेनं चाललेली. साट्याखाली कंदील टांगायची रीत आहे, पण रॉकेल मिळत नाही आणि गडी घरापासून दोन शेतांवर आलाय. तुम्ही हँडल वळवता. चाकोरीतून चाक निघत नाही, मग एकदम निघतं, आणि फटफटी कडब्याला घासत पुढे जाऊन डाव्या बैलाच्या मागच्या पायावर आदळते. बैलाचा हंबरडा तुम्हाला ऐकू येतो. स्वतःचं डोकं खडीवर आपटल्याचा आवाज ऐकू येत नाही.

माणसं कुठून येतात कळत नाही. मघाशी रान मोकळं होतं, आता बारा-पंधरा जण आहेत, दोघांच्या हातात काठ्या.

“कुटला रं तू?”

“नगरचा.”

“इंग्रजीतला हाय. बगा की, पाटी बगा गाडीची.”

“बैलाचा पाय मोडला. आता पेरायचं कशानं रं मपल्या भावानं?”

पहिली थप्पड कोण मारतं ते दिसत नाही. दुसरी दिसते. गाडीवान स्वतः मारत नाही. तो बैलापाशी उकिडवा बसलाय, त्याच्या कानामागे हात फिरवतोय आणि रडतोय. त्याचा संताप मी खोटा म्हणणार नाही. मोडलेल्या पायाचा बैल उठत नाही आणि एका बैलानं औत चालत नाही. त्या कुटुंबाचं पुढचं वर्ष या क्षणी खडीवर पडलंय. पण काठ्या घेऊन आलेल्यांपैकी एकाचंही वर्ष बुडालेलं नाही. त्यांना तुमच्यात दिसतोय तो कलदारवाला, यंत्रवाला, पलीकडचा. तुम्ही पाटोद्याचेच असता तर आधी बापाचं नाव विचारलं असतं, आणि नाव कळल्यावर काठी उचलणं एवढं सोपं राहिलं नसतं.

तुम्हाला चावडीत नेतात. पोलीस पाटील येतो, पंच येतात. अमिनाकडे जायचं की नाही यावर खल सुरू होतो. अमीन म्हणजे फौजदार. त्याच्याकडे गेलं तर बैलवाला आणि फटफटीवाला दोघंही खर्चात जातील, हे सगळ्यांना पाठ आहे. मिटवायचं ठरतं. मग किती, यावर तास जातो. हाली की कलदार, यावर आणखी अर्धा. पंप ठेवून घ्यायचा का, फटफटी ठेवून घ्यायची का. तुम्ही भिंतीला टेकून बसलाय आणि आवाज लांब चाललेत.

पाणी द्यायला आलेली एक म्हातारी कंदील तुमच्या तोंडाशी धरते. बराच वेळ धरते.

“पाटील, ह्याच्या कानातून रगत यायलंय. बैलाचं मागून बघा.”

चावडीत तोवर कुणी तुमच्या कानाकडे बघितलेलं नाही.

कानातून रक्त येणं म्हणजे कवटीचा तळ तडकलेला असू शकतो. फटफटीवर असा मार टाळायचा कसा, हे लंडनला किंवा ऑक्सफर्डला त्या वेळी चांगलं ठाऊक झालंय. 13 मे 1935 रोजी इंग्लंडमधल्या डॉर्सेटमध्ये टी. ई. लॉरेन्स, ज्याला जग ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणतं, आपल्या ब्रफ सुपीरियर फटफटीवरून चालला होता. रस्त्यातल्या दोन सायकलवाल्या मुलांना चुकवताना तो फेकला गेला आणि सहा दिवसांनी, 19 मेला, शुद्धीवर न येताच गेला. डोक्यावर काही नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. ते मरण त्यांनी मनातून जाऊ दिलं नाही. लष्करी टपाल नेणारे फटफटीस्वार कशानं मरतात याच्या नोंदी त्यांनी गोळा केल्या आणि 1941 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये शिरस्त्राणाची गरज दाखवून दिली. ब्रिटिश लष्करानं त्याच वर्षी आपल्या स्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. म्हणजे तुमची ही बीएसए युद्धात कुणी चालवली असेल तर त्याच्या डोक्यावर हेल्मेट असण्याची शक्यता आहे. गाडी विक्रीला निघाली, हेल्मेट तिच्यासोबत आलं नाही.

त्या रात्री म्हातारी तुमच्या डोक्याला हळदीचं फडकं बांधते, कूस बदलू देत नाही, झोपू देत नाही. सकाळी कडब्याच्या गाडीतूनच तुम्हाला बीडच्या दवाखान्यात पोचवतात. तुमच्या दैवात जगणं आहे, म्हणून तुम्हाला पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत नेता येतं.

दगडावरचा आकडा बदलतो. मैल जातात, किलोमीटर येतात. निजाम गेलाय, करोडगिरी गेलीय, बीड आधी हैदराबाद राज्यात, मग द्वैभाषिक मुंबईत आणि 1960 पासून महाराष्ट्रात आहे. आता 1973 चा उन्हाळा आहे. तुम्ही बुलेटवर आहात, आणि चालवायला जागा नाही, कारण रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं बसलीत. शेकड्यांनी. दुष्काळी कामावर. हातोडी वर जाते, खाली येते, खडी फुटते. बाया, म्हातारे, दहा-बारा वर्षांची पोरं. बाभळीला बांधलेल्या झोळीत तान्हं. जेवायला मिलो ज्वारी आणि सुकडी. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते या हातांनी फोडलेल्या खडीवर उभे राहिले. आजोबांनी पोटासाठी फोडलेल्या खडीवर नातवाची गाडी घसरते, अशी घरं या जिल्ह्यात आहेत, आणि त्या घरांत बसून आलेल्याला या रस्त्यांबद्दल अलिप्तपणे लिहिता येत नाही.

तुमच्या शेजारून फटफट करत एक लूना जाते. 1972 साली नगरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनं ती काढली, पन्नास सीसीची, पायडल मारून चालू होणारी. मास्तर, ग्रामसेवक, दूधवाला, सगळ्यांच्या आवाक्यातली. पुढच्या वीस वर्षांत या रस्त्यावरचं यंत्र पाहुण्याचं राहणार नाही, घराघराचं होईल. राजदूत येईल, येझदी येईल, मग हिरो होंडा, मग लग्नात द्यायची-घ्यायची स्प्लेंडर. हेल्मेट त्या देण्याघेण्यात क्वचितच धरलं जाईल.

1989 मध्ये क्षणभर थांबा, पण बीडच्या नव्हे, दिल्लीतल्या सर्वोच्च न्यायालयाच्या दारात. खटला परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार. वर्तमानपत्रातली एक बातमी न्यायालयासमोर आलीय: एका स्कूटरस्वाराला मोटारीनं उडवलं, वाटसरूनं त्याला जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं की पोलीस केस आम्ही घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या इस्पितळात न्या. तो वाटेत मेला. 28 ऑगस्ट 1989 रोजी न्यायालयानं सांगितलं की जीव वाचवणं आधी, कागद नंतर. सरकारी असो वा खासगी, डॉक्टरला हात झटकता येणार नाहीत. तुमच्या चावडीतल्या म्हातारीनं त्रेचाळीस वर्षांपूर्वी हेच म्हटलं होतं.

आता 4 जून 2014, परळी. ऊन कडक आहे. वैद्यनाथ साखर कारखान्याच्या आवारात तुम्ही लाखोंच्या गर्दीत उभे आहात. आदल्या सकाळी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला चौकात दुसऱ्या मोटारीनं धडक दिली. केंद्रात मंत्री होऊन त्यांना आठवडाच उलटला होता. ते मागच्या सीटवर बसले होते. ऊसतोड मजुरांचा हा पुढारी परमुलखातल्या एका चौकात असा जातो, हे समोरच्या माणसांना पटतच नाही. चितेभोवती आक्रोश आहे आणि आक्रोशाच्या कडेला घोषणा आहेत, सीबीआय चौकशीच्या. पुढाऱ्यांच्या गाड्या अडवल्या जातात. पोलीस सरसावतात. तुमच्या शेजारचा फेटेवाला म्हातारा मुठी आवळून उभा आहे आणि कुणावर चिडावं हे त्याला ठरवता येत नाहीय. अपघाताला शत्रू नसतो, ही गोष्ट दुःखात असलेल्या माणसाला सहन होत नाही. तो शत्रू शोधतो. बहुतेक वेळा जो अनोळखी आहे तो सापडतो.

डिसेंबर 2022. आता परके तुम्ही आहात, आणि सीमा पुन्हा तुमच्या चाकाखाली आहे. तुम्ही धारूर तालुक्यातले, वय चोवीस. दिवाळीनंतर ऊसतोडीला टोळी उचलली ती थेट बेळगाव जिल्ह्यात, अथणीच्या बाजूला. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, फडाशेजारी पाचटाची कोपी. मोटारसायकल ट्रकात घालून आणलीय, कारण फडापासून बाजार लांब आहे. पाटीवर एमएच 23. गावाकडे या दोन अक्षरांकडे आणि दोन आकड्यांकडे कुणी बघत नाही. इथे चहाच्या टपरीवरचा पोरगाही बघतो.

हे दिवस वाईट आहेत. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्न पेटलाय. 6 डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्रातल्या गाड्यांवर दगड पडले. त्याला उत्तर म्हणून पुण्यात कर्नाटकच्या एसटी बसना काळं फासलं गेलं. दोन्हीकडे ज्या गाड्या फोडल्या किंवा काळ्या केल्या त्यांच्या ड्रायव्हरांनी सीमेची एक रेघही आखलेली नव्हती. मुकादमानं बजावलंय, अंधार पडल्यावर फडाच्या बाहेर जायचं नाही. पण लेकराला ताप आहे आणि गोळ्या संपल्यात.

औषध घेऊन परतताना गल्लीतून एक मोपेड पुढ्यात येते. तुम्ही ब्रेक दाबता. तुमचा आरसा त्याच्या कोपराला लागतो, दोघंही आडवे होता. त्याचं खरचटलंय, तुमचा गुडघा फुटलाय. औषधाची पुडी रस्त्यावर उघडी पडलीय. तुम्ही दोघंही एकमेकांना हात देऊन उठायच्या बेतात असता, तेवढ्यात टपरीवरून आवाज येतो.

“महाराष्ट्रद गाडी!”

पडलेल्या माणसाला तुमच्यावर राग नव्हता. तो आता येतो, कारण आजूबाजूचे दहा जण त्याची वाट बघताहेत. तुम्हाला कानडी येत नाही. “चूक झाली, दादा” हे तुम्ही मराठीत म्हणता आणि त्या तीन शब्दांनी प्रकरण अधिकच चढतं. कॉलर धरली जाते. किल्ली काढून घेतली जाते. तुमच्या डोळ्यांसमोर कोपीतलं तापलेलं लेकरू आहे. या घडीला तुमच्या हाताची मूठ वळली तर काय होईल, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. वळलेल्या मुठींच्या बातम्या आपण रोज वाचतो. 27 डिसेंबर 1988 ला पतियाळात गाडी पुढे काढण्यावरून झालेल्या भांडणात पासष्ट वर्षांचा एक माणूस गेला. मारणाऱ्यांत तेव्हाचे कसोटी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धू होते. त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली ती मे 2022 मध्ये. रस्त्यावरच्या मिनिटभराच्या रागाचा अखेरचा निकाल लागायला तेहेतीस वर्षं गेली.

तुमची मूठ वळत नाही. मुकादम फोनवर येतो, मराठी-कानडी दोन्ही बोलणारा कारखान्याचा स्लिपबॉय येतो, चार हजारांवर मिटतं. पैसे मुकादम देतो आणि तुमच्या उचलीत चढवतो. पाटोद्याच्या चावडीतही हेच झालं होतं. पोलीस चौकी तेव्हाही टाळली, आताही टाळली. विमा तेव्हाही निकामी होता. आताचा कागद सीमेपलीकडेही चालतो, पण तो काढायचं कुणाच्या मनातही येत नाही.

शेवटचा दगड. जानेवारी 2024, पहिला आठवडा. आता तुम्ही आपल्याच गावात, आपल्याच रस्त्यावर आहात. मांजरसुंब्याहून केजकडे चाललाय, नेकनूरच्या अलीकडे. रात्रीचे नऊ. आठवड्याच्या सुरुवातीलाच ड्रायव्हरांचा संप झालाय. पेट्रोल पंपांवर बाटल्या घेऊन रांगा लागल्या होत्या. नव्या भारतीय न्याय संहितेत कलम 106 (2) आलंय: निष्काळजीनं गाडी चालवून जीव घेतला आणि न कळवता पळाला, तर ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत कैद. ड्रायव्हरांचं म्हणणं एकच होतं, थांबलो तर लोक जिवंत सोडत नाहीत. सरकारनं 2 जानेवारीला ते कलम लगेच लागू न करण्याचं कबूल केलं आणि संप मिटला. ट्रक पुन्हा रस्त्यावर आहेत.

ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या रस्त्याकडेला उभ्या आहेत, पंक्चर काढायला. ट्रॅक्टर बंद, मागे रिफ्लेक्टर नाही, दगडही लावलेला नाही. उसाचे शेंडे ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेत. समोरून एक ट्रक येतोय, अप्पर मारलेला. तुमच्या पुढे शंभर फुटांवर चाललेल्या पोराच्या डोळ्यांवर तो उजेड पडतो, तो डावीकडे घेतो, आणि ट्रॉलीचा कोपरा त्याच्या खांद्यात घुसतो.

ट्रक त्याला लागलेलाही नाही. तरी ट्रकवाला पुढे जाऊन थांबतो. हे लक्षात ठेवा, तो थांबलाय.

तुम्ही गाडी लावून धावता. पोरगा कुशीवर पडलाय, वीस-बावीसचा. त्याची गाडी अजून चालू आहे, मागचं चाक हवेत फिरतंय. हेल्मेट आरशाला अडकवलेलं, काचेवरचं दुकानाचं स्टिकरही निघालेलं नाही. पाचटाचे तुकडे त्याच्या केसांत, आणि सगळीकडे चिरडलेल्या उसाचा गोड वास. त्याच्या कानाकडे बघा. तुम्ही हे आधी पाहिलंय.

माणसं जमताहेत. या वेळी तुम्ही त्यांच्यातले आहात. अर्धे चेहरे ओळखीचे. कुणीतरी मोबाइलचा उजेड ट्रकच्या पाटीवर टाकतं. परराज्यातली गाडी. “भैया, उतर खाली!” केबिनचं दार उघडलं जातं, चाळिशीतला एक माणूस हात जोडून काहीतरी हिंदीत सांगतोय आणि ते कुणी ऐकत नाहीय. ट्रॉली शेजारच्या गावची आहे. ट्रॉलीवाल्याचा चुलता घोळक्यातच उभा आहे. ट्रॉलीबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. पहिला दगड समोरच्या काचेवर बसतो.

1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 मध्ये एक वाक्य आहे, ते वाचताना मला दर वेळी लाज वाटते. अपघातानंतर ड्रायव्हरनं जखमीला डॉक्टरकडे नेलंच पाहिजे, असं कायदा सांगतो. आणि लगेच सूट देतो, जमावाच्या क्षोभामुळे ते शक्य नसेल तर. संसदेनं आपल्या कायद्यात आपल्याबद्दल हे लिहून ठेवलंय. आपण मारू, हे गृहीत धरलंय.

2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं मेली. त्यांतली 50,029 दुचाकीवर हेल्मेट न घालता बसलेली होती. यांतल्या किती जणांभोवती घोळका जमला होता आणि तो कुणाकडे तोंड करून उभा होता, याची नोंद ठेवायला रकाना नाही. आपल्याकडचा पहिला तास अशा घोळक्यात जातो. डोक्याला मार लागलेल्यासाठी तो सगळ्यात मोलाचा असतो आणि आपण तो पाटी वाचण्यात घालवतो. बैलाचं मोल ठरेपर्यंत कानातलं रक्त वाळून जातं.

तर आता, नेकनूरच्या अलीकडे, तुमच्या हातात दोन-तीन मिनिटं आहेत. फोन काढा आणि 108 लावा. 2014 पासून राज्यात ही सेवा आहे. ठिकाण सांगताना दोन्हीकडच्या गावांची नावं आणि किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगा. हातपाय धरून पोराला उचलायला निघालेल्या दोघांना थांबवा. मान सरळ, डोकं दोन्ही हातांनी स्थिर, तोंडातलं रक्त कुशीवरून वाहू द्या. ओळखीच्या चेहऱ्यांतला जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतोय त्याला नावानं हाक मारा आणि काम द्या: “बापू, मागं जाऊन टॉर्च दाखव, नाहीतर दुसरी गाडी ह्याच्यावर येईल.” दुसऱ्याला सांगा, “नाना, त्या ड्रायव्हरला तुझ्या गाडीत बसव आणि पोलीस येईस्तोवर काच वर ठेव.” नावानं हाक मारलेला माणूस जमावातून बाहेर येतो. हे मी पुस्तकातून सांगत नाही, या रस्त्यावर होताना पाहिलंय.

पुढच्या हंगामात कारखान्याचा भोंगा वाजायच्या आत आपल्या वस्तीवरच्या ट्रॉलीच्या मागे जाऊन एकदा बघा. रिफ्लेक्टर नसेल तर मालकाला सांगा. तो तुमचा चुलता असेल तर दोनदा सांगा. पोराला गाडी घेऊन देत असाल तर हेल्मेटचे पैसे त्याच दिवशी द्या. आणि रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर पोलीस ठाण्याच्या फेऱ्यांना घाबरून पुढे निघून जाऊ नका. 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलेलं कलम 134-अ मदत करणाऱ्याला दिवाणी आणि फौजदारी, दोन्ही जबाबदाऱ्यांतून मोकळं ठेवतं. जखमीला दवाखान्यात सोडून तुम्ही स्वतःचं नावसुद्धा न सांगता घरी जाऊ शकता.